मधल्या खोलीतली खेळाडू

१४ जून २०२४

आली एकदाची पोरगी. मधली खोली दिली तिला. आमचा सुदर्शन लातूरला क्लाससाठी गेल्यापासून खोली रिकामीच होती. घडी केलेली गादी आणि त्याची जुनी पुस्तकं, बाकी काही नाही.

नाव प्रतिक्षा. तेरा वर्षांची. गोरेगावची, पार सेनगावच्या पलीकडची. वडील सटवाजी सोडायला आले होते. चहा घेतला, "लेकरू तुमच्या पदरात," म्हणाले आणि परतीच्या गाडीला पळाले. पोरगी दारातच उभी. खांद्याला शाळेची पिशवी, हातात बूट. पायातल्या चपला धुळीनं भरलेल्या, हातातल्या बुटांवर धुळीचा कण नाही.

विश्वंभर सरांनी मागंच विचारलं होतं, खेळायला येणारी एक पोरगी घरी ठेवता का. हायस्कुलातून रिटायर झाले तरी आमच्या डोंगरकडा गावात सर म्हटलं की तेच, आणि फुटबॉल क्लबही त्यांचाच. क्लबाला वसतिगृह नाही. बाहेरगावची लेकरं गावातल्या घरांत राहतात, इथल्याच शाळेत जातात, सकाळ-संध्याकाळ मैदानावर. क्लबाचं नाव पुण्या-गोव्यापर्यंत आहे म्हणतात. कप मात्र एक नाही! मोठ्यांची टीम दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी. पण लहान लेकरं अशी तयार होतात की मोठे क्लब येऊन घेऊन जातात. गाव चेष्टा करतं — रोपं आमची, केळी दुसऱ्याची. सर नुसते हसतात. "रोप चांगलं निघालं ना? मग झालं."

मी हो म्हणाले. बालाजींना — नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाही, वहीत घेते — पसंत नव्हतं. "दुसऱ्याची पोरगी. उद्या काही झालं म्हंजी?" मी म्हणाले, "आपलं पोरगं दुसऱ्याच्याच हातचं जेवून राहिलंय की."

१५ जून

एक शब्द बोलत नाही. भाकरी वाढू का विचारलं तर नको म्हणाली. मी पाठ फिरवली आणि टोपल्यातली अर्धी गायब. बरं वाटलं.

२३ जून

आज मैदानावर गेले. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. सर म्हणाले, "ती कडेनं पळते ना, त्याला विंग म्हणतात." घरात मांजरासारखी फिरणारी पोरगी तिथं मोठ्यानं बॉल मागत होती — "दे ना गं, हिकडं, हिकडं!" बॉल मिळाला की समोरची पोरगी जिथं पाय टाकते तिथून ही गेलेलीच असते. दोनदा पडली. उठताना फ्रॉक झटकावा तशी चड्डी झटकली आणि परत पळाली.

कोण जाणे का, मला माझ्या माहेरचं अंगण आठवलं. लंगडीत मला कुणी धरू शकत नव्हतं.

७ जुलै

क्लबाची निळी जर्सी तिला गुडघ्यापर्यंत येते. शिलाई मशीनवर बसून आत घेतली, खांद्यातून थोडी उतरवली. घालून आरशापुढं उभी राहिली, मागून पुढून बघितलं. मग म्हणाली, "मावशी, नंबर वाकडा न्हाई ना झाला?"

मावशी. पहिल्यांदा.

१९ जुलै

सुदर्शनचा फोन. मेसचं वरण पाणी आहे म्हणे. त्याच्याशी बोलून ठेवला आणि प्रतिक्षाच्या ताटात तूप वाढलं. वाढताना हात जरा जास्तच झाला.

२ सप्टेंबर

पोळा. बैलांना हिनं रंगवलं. एका शिंगाला निळा, एकाला पांढरा, क्लबाचे रंग. मला वाटलं बालाजी रागावतील. ते म्हणाले, "आता ह्यांना गोल करायला लावू नको म्हंजी झालं." दोघं हसत बसले.

हल्ली संध्याकाळी "शेताकडं जाऊन येतो," म्हणून निघतात. शेत आमचं दक्षिणेला. हे जातात गायरानाकडं, जिथं मैदान आहे. मी काही बोलत नाही.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात पुरणाचा वास, पाहुणे यायचे होते. प्रतिक्षा न्हाणीघरातून बाहेरच येईना. दार वाजवलं. आतून बारीक आवाज — "मावशी, मला काहीतरी झालंय."

आत गेले. समजावलं. कापड दिलं, कसं घ्यायचं ते दाखवलं. "आता मला खेळता येनार न्हाई का?" हाच पहिला प्रश्न! म्हटलं, "येतं की. सगळ्या खेळतात."

रीत म्हणजे तिला बाजूला बसवायचं. पण लेकरू आधीच घाबरलेलं. कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या शेजारीच पान मांडलं. महालक्ष्म्यांपुढं त्यांची लेकरं मांडलेलीच असतात, त्यांना काय सांगायचं.

तिच्या आईला, चतुराबाईंना, फोन मीच लावला. झालेलं सांगितलं. मग म्हणाल्या, "मी जवळ पाह्यजे व्हते." आणि थोडं थांबून — "तुमी व्हता ते बरं झालं, ताई."

ते दुसरं वाक्य म्हणायला त्यांना जड गेलं. मलाही गेलं असतं.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याच्या दिवशी हिंगोलीत सामना. चतुराबाई गोरेगावहून आल्या होत्या, पहिल्यांदा भेटलो. उंच, काटक, उन्हानं रापलेल्या. फडक्यात बांधून धपाटे आणलेले, दह्याचा डबा वेगळा. लेकीसाठी म्हणून आणले आणि सगळ्या टीमला वाटले.

आम्ही दोघी एका पायरीवर बसलो. प्रतिक्षानं गोल केला आणि पळत आली ती थेट आमच्याकडं. समोर येऊन थबकली. कुणाच्या गळ्यात पडावं हे तिला कळेना. मी चपलेचा पट्टा बघत खाली वाकले. वर पाहिलं तर आईच्या कुशीत होती.

जाताना चतुराबाई म्हणाल्या, "मी पळत व्हते बगा शाळंत. सातवीनंतर शाळाच न्हाई, मग पळून जायचं कुठं? हिला म्हनलं, तू पळ."

८ डिसेंबर

सरांनी काल सगळ्या पालकांना सांगितलं — १९ जानेवारीला नांदेडला ट्रायल. पुण्याचा एक मोठा क्लब मराठवाड्यातल्या दोन मुली निवडणार. राहणं, शाळा, खेळ, सगळं तिकडंच. सर मला म्हणाले, "दोनातली एक आपली. मी उगं बोलत न्हाई."

प्रतिक्षाला कालपासून जेवण गोड लागेना. आनंदानं.

१७ डिसेंबर

एक गोष्ट लक्षात आली. ती जेवायला मांडी घालून बसत नाही. उजवा पाय लांब सोडते. आधी वाटलं, सवय. आज भाजी निवडताना बघितलं — उठताना भिंतीला धरून उठली.

१८ डिसेंबर

विचारलं. "काई न्हाई मावशी, पाय आखडलाय." पाय दाखव म्हटलं तर चादर ओढून घेतली.

२२ डिसेंबर

आज पाहिला. झोपली होती दुपारची, सलवार वर सरकलेली. उजव्या गुडघ्याखाली हाड पुढं आलंय, लिंबाएवढी गाठ. हात लावला तशी झोपेतच कळवळली.

जागी झाल्यावर लपवायचं काही उरलं नव्हतं. दिवाळीपासून दुखतंय म्हणे. मैदानावर अंग गरम असताना कळत नाही, घरी आल्यावर ठणकतो. बाम लावून झोपते — म्हणून त्या खोलीत तो वास! मला वाटायचं, दमते पोरगी.

हात धरून बसली. "मावशी, सरांना सांगू नगस. फकस्त ट्रायल होऊ दे. मग तू म्हनशील तितके दिवस बसून राहते. तुझी शप्पत."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

२३ डिसेंबर

बालाजी म्हणाले, "आपन कोन ठरवनार? तिच्या मायला इचार."

बरोबर होतं. फोन लावला. मला वाटलं, आई आहे, म्हणेल, आधी दवाखाना. चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, ट्रायल होऊन जाऊ द्या. वाढत्या अंगाची लेकरं, दुखतंच. गुडघा काय, आज ना उद्या बरा होतो. पुन्याचे लोक पुन्ना येतेत का न येतेत."

मी म्हणाले, "काही मोडलं बिडलं तर?"

"मोडनार न्हाई. माझी पोरगी हाय, मला ठाव हाय."

मी फोन ठेवला.

२६ डिसेंबर

झोप नीट नाही. ब्लाऊजची बाही उलटी जोडली, उसवून परत शिवली. प्रतिक्षा माझ्याकडं बघते आणि मी मशीनकडं. काल मैदानावर मुद्दाम गेले. पळताना कुणाला काही दिसणार नाही. पण बॉल बाहेर गेला, सगळ्या थांबल्या, की ही एका पायावर उभी राहते. बगळ्यासारखी. एवढी मोठी ट्रायल आणि पोरगी एका पायावर.

तिच्या आईनं नको म्हटलंय. तिनं स्वतः नको म्हटलंय. मी कोण? भाकरी करून घालणारी.

पण तो पाय रोज माझ्या घरात झोपतो.

२७ डिसेंबर

सांगितलं सरांना.

मैदानावर रोलर ओढत होते. ऐकलं आणि त्या रोलरवरच बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, "ताई, खरं सांगू? तुमी न सांगता तर मला बरं झालं असतं. ह्या पोरीवर मी किती आशा लावून बसलोय." मग उठले. "पन आता कळलंय. आता मला तिला पळवता येनार न्हाई."

३० डिसेंबर

नांदेडला हाडाच्या डॉक्टरांकडं. मी, सर, प्रतिक्षा. गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण, समजावून सांगणारे. वाढत्या वयात हाड अजून कोवळं असतं, वरचा स्नायू ते ओढत राहतो. विश्रांती घेतली तर जातं. रेटलं तर हाडाचा तुकडा सुटू शकतो, मग ऑपरेशन. तीन महिने पळणं बंद.

मी विचारलं, "एका ट्रायलनं सुटलं असतं का?"

"सांगता येत नाही. सुटलं असतं, नसतंही."

मला पक्कं उत्तर हवं होतं. कुठल्याही बाजूचं.

येताना एसटीत ती सरांजवळ बसली. माझ्याकडं पाठ. अर्धापूर गेलं, केळीचे मळे सुरू झाले, पाठ तशीच.

१ जानेवारी २०२५

बोलत नाही. ताट खोलीत नेते, धुऊन ठेवते. जूनमधल्यापेक्षाही गप्प. तेव्हा ओळख नव्हती, आता ओळख असून.

४ जानेवारी

चतुराबाई आल्या न्यायला. सर म्हणाले, "राहू द्या हितं. बसून शिकंल, खेळ बघंल, मी तिची जागा कुनाला देत न्हाई." ऐकलं नाही. माझ्या घरात पाणीही घेतलं नाही.

दारात म्हणाल्या, "मी तुमाला लेक सांभाळायला दिली व्हती, तिचं नशीब ठरवायला न्हाई. दारापाशी आलेली गाडी तुमी सोडायला लावली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं. "इतकी काळजी व्हती तर मला अजून चार येळा फोन करायचा. माझ्या पाठीमागून काहून केलं?"

चार वेळा करायला हवा होता फोन. पण चौथ्या वेळी त्या नाहीच म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे.

प्रतिक्षा पायऱ्या एक-एक करून उतरली. मागं बघितलं नाही.

१९ जानेवारी

ट्रायल झाली. दोन मुली घेतल्या. एक आपल्या क्लबातलीच, प्रतिक्षाच्या जागी गेलेली. गावात पेढे वाटले. मी खाल्ला. गोड लागला.

१० फेब्रुवारी

सगळीकडं हळद शिजतेय. वासानं डोकं धरतं. मधल्या खोलीचं दार लावून घेतलं, उघडं असलं की नजर जाते.

मोबाईलवर तिला लिहिलं — "पाय कसा आहे?" वाचलं तिनं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२ मार्च

सर आले होते. कळमनुरीकडची एक पोरगी आहे, ठेवता का म्हणाले. मी नाही म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही. चहा पिऊन म्हणाले, "लेकरं जात्यात, ताई. माझी तर सगळीच गेली. पुन्याला, गोव्याला, कुनी पोलीस झालं, कुनी दुकान टाकलं. दर साली वाटतं, बस झालं. मग जून येतो."

मी म्हणाले, "तुमची हसत गेली. माझी रागावून गेली."

"तुमी तिला गमावलंय म्हनून वाटतंय तुमाला. पाय तर तिच्यापाशीच हाय ना?"

१३ एप्रिल

बालाजी सकाळीच निघाले. केळीच्या गाडीबरोबर हिंगोलीला जातो म्हणाले. संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत आले आणि हात-पाय धुता धुता सांगितलं, "गोरेगावला गेलतो."

मी हातातलं टाकून तशीच उभी.

एक घड नेला होता, चांगला. सटवाजींनी बसवून घेतलं. चतुराबाई आधी बाहेरच आल्या नाहीत, मग चहा घेऊन आल्या. कुणी काही जुनं काढलं नाही. पाऊसपाण्याचं बोलले. प्रतिक्षा अंगणात बसली होती, मांडी घालून. हे बालाजींनी दोनदा सांगितलं. मांडी घालून बसली होती.

"माझं इचारलं का?"

"न्हाई."

जरा वेळानं म्हणाले, "निघताना फाट्यापर्यंत आली सोडायला. तिथं म्हनली, काका, माझी खोली कुनाला दिली का?"

"तुमी काय म्हनले?"

"म्हनलो, न्हाई. तुझ्या मावशीनं दार लावून ठिवलंय."

हा माणूस मला अजून पुरता कळला नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली.

५ मे

परत लिहिलं तिला — "दार उघडलं. ऊन देतेय गादीला." ह्या वेळी उत्तर आलं. "बरं."

एवढंच. दिवसभर मोबाईल उघडून ते बघत होते.

१५ जून

आल्या. दोघी.

चतुराबाई आत आल्या, स्वतःच माठातलं पाणी घेतलं, प्याल्या आणि बसल्या. मी चहा टाकायला उठले तर म्हणाल्या, "बसा जरा." बसले.

"राग गेला न्हाई माझा," म्हणाल्या. "उन्हाळाभर हिचा पाय शेकला मी. शेकता शेकता राग यायचा तुमचा. पन एक दिवस हीच म्हनली, आये, मला तवा लई दुखत व्हतं. तुला सांगितलं त्याच्याहून लई. मी तुला खोटं सांगत व्हते." मधल्या खोलीकडं पाहिलं. "मला वाटत व्हतं मला ठाव हाय. माझ्याच पोरीचं मला ठाव नव्हतं."

मी म्हणाले, "माझंही चुकलं. तुमच्या पाठीमागं जायला नको होतं."

"व्हय, चुकलं," म्हणाल्या. आणि मग दोघींनाही थोडं हसू आलं. का ते सांगता येणार नाही.

प्रतिक्षा तोवर मधल्या खोलीत जाऊन पिशवी उघडून बसली होती. बोटभर उंच झालीय. बोलली नाही माझ्याशी. पण जेवताना चटणी संपली तेव्हा ताट माझ्याकडं सरकवलं.

३ ऑगस्ट

तीन महिन्यांचे सात झाले. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, बेतानं. वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून दुखेल, दुखलं की थांबायचं, म्हणाले. सर तिला अर्धाच वेळ खेळवतात. ती बाहेर बसून कुरकुरते. कुरकुरते म्हणजे बरी आहे.

२१ सप्टेंबर

आज बोलली, नीट. मी फॉल लावत होते, ती समोर अभ्यासाला. वहीतून डोकं न काढता म्हणाली, "मावशी, मी तुझ्यावर लई रागावले व्हते."

"माहीत आहे."

"अजून बी कदी कदी येतो. ती पुन्याला गेलेली फोटो टाकते ना, तवा."

"येऊ दे."

"तुला वाईट वाटत न्हाई?"

म्हटलं, "वाटतं. पण तुझा राग पायावर चालत माझ्या दारात आला, ते काय कमी आहे?" तिला ते पटलं की नाही कोण जाणे. सुई पडली होती खाली, ती शोधून दिली तिनं. गुडघे टेकून.

२८ नोव्हेंबर

सुदर्शन आलाय चार दिवस. दोघांचं खोलीवरून भांडण. शेवटी तो ओसरीवर झोपला. "माझीच खोली आनि मीच पाहुना," म्हणत होता. संध्याकाळी दोघं अंगणात बॉल खेळत होते, त्याला एकदाही बॉल मिळाला नाही. डॉक्टर होणार आहे म्हणे हा. धाप लागली होती.

४ जानेवारी २०२६

परत ट्रायल. ११ तारखेला, नांदेड. तोच पुण्याचा क्लब. सर म्हणाले, मागच्या वर्षीपेक्षा ती दुप्पट खेळतेय, कारण आता डोक्यानंही खेळते. बाहेर बसून बघायला शिकली.

मी काही विचारत नाही. पायाकडं बघतही नाही. ठरवलंय.

१० जानेवारी

चतुराबाई दुपारी मुक्कामी आल्या. ट्रायलला तिच्याबरोबर दोघी जाणार, धपाटे आम्ही दोघींनी मिळून केले. त्यांचे पातळ, माझे जाड. बालाजींनी दोन्हीतले खाऊन "बराबर झालेत" एवढंच सांगितलं. शहाणा माणूस.

संध्याकाळी सर येऊन गेले. प्रतिक्षाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या तू नुसती रोजच्यासारखी खेळ. बाकी त्यांचे डोळे हायेत." गेटपाशी मला हळूच म्हणाले, "ह्या येळी जाती बगा." डोळे भरले होते त्यांचे. इतकी लेकरं पाठवली तरी भरतात.

चतुराबाई ओसरीवर लेकीचे केस विंचरत होत्या. मी जर्सीला इस्त्री केली. निवड होऊन पोरगी जाईल तेव्हा काय काय बांधून द्यायचं, आम्ही दोघी आत्तापासूनच बोलत होतो. लोणचं, मेतकूट, जाडं पांघरूण. पुण्याला थंडी असते म्हणतात.

११ जानेवारी

सकाळी भाकरी थापत होते. चतुराबाई जवळच बसून लसूण सोलत होत्या. प्रतिक्षा येऊन दारात उभी राहिली. अंगात जर्सी, पाय अनवाणी.

"दुखून राहिलंय. काल सकाळपासून. आज न्हाई खेळत मी." आवाज फुटला, पण बोलली पूर्ण. "सरांना मीच सांगून येते."

आम्ही दोघींनी तिला काही विचारलंच नव्हतं.

मी चतुराबाईंकडं पाहिलं. त्यांनी लसूण खाली ठेवला, पदरानं हात पुसले, लेकीचं तोंड पुसलं.

"जाऊन ये," म्हणाल्या. "तवर आमी गरम भाकरी करून ठिवतो."